विभेदी दंतचक्रमाला : जुन्या मोटारगाड्यांतील रचना व दिशापालट

विभेदी दंतचक्रमाला : एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविताना एकाच आसावरील दोन चालक चाकांना भिन्न वेगांनी फिरू देणारी दंतचक्रांची रचना. गॅरेजांत व सुट्या भागांच्या दुकानांत ती ‘डिफरन्शियल’ या इंग्रजी नावानेच ओळखली जाते. मागील चाकांवर चालणाऱ्या जुन्या मोटारगाडीत ती मागच्या आसाच्या मध्यावरील फुगीर कवचात असते. या कवचातील मोठे क्राउन चक्र कोणत्या बाजूस बसविले आहे, यावर गाडी पुढे जाणार की मागे हे अवलंबून असते. जुनी गाडी खोलून पुन्हा जोडताना, एका गाडीचा आस दुसरीला लावताना किंवा एंजिनाची जागा बदलताना या साध्या गोष्टीचा विसर पडला, तर पुढे जाण्यासाठी एकच गती आणि मागे जाण्यासाठी तीन-चार गती असलेले वाहन तयार होते.

‘विभेदी उलटा फिरतो’ हे शब्द तीन वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जात असल्याने प्रथम त्यांची फोड करणे इष्ट आहे. गाडीची दोन्ही मागची चाके उचलून, गिअर घालून एक चाक हाताने पुढे फिरविले, तर दुसरे चाक मागे फिरते. हा विभेदीचा अंगभूत गुणधर्म असून त्यात बिघाड काही नाही. चालक गाडी मागे घेतो तेव्हा दिशा बदलते ती गिअरपेटीत. विभेदी केवळ मिळालेली गती पुढे पाठवितो. तिसरा अर्थ म्हणजे क्राउन चक्राची बाजू बदलून किंवा संपूर्ण आस फिरवून अंतिम गतीची दिशाच पालटणे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या तिसऱ्या अर्थाचा विचार केला आहे.

गरज : बैलगाडीला विभेदी लागत नाही, कारण तिचा आस फिरत नाही, दोन्ही चाके त्याच्या टोकांवर आपापल्या गतीने मोकळी फिरतात. आगगाडीच्या डब्याची दोन्ही चाके मात्र एकाच आसावर पक्की बसविलेली असतात. पुलगाव-आर्वी या अरुंदमापी मार्गावर पूर्वी धावणाऱ्या गाडीचीही चाके अशीच होती. रुळावर टेकणारी त्यांची कड किंचित शंक्वाकार असल्यामुळे आणि लोहमार्गाची वळणे मोठ्या त्रिज्येची असल्यामुळे तेथे काम भागते. मोटारगाडीला यांपैकी कोणतीच सवलत नाही. तिच्या चाकांना एंजिनाने फिरवावयाचे असते आणि तिला अरुंद गल्लीतही वळावयाचे असते.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. हा फरक वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसतो, ही गोष्ट पुष्कळांना नवलाची वाटते. गाडी पूर्ण वर्तुळात फिरली, तर दोन्ही चाकांच्या मार्गांतील फरक हा चाकांमधील अंतराच्या ६·२८ पट असतो. मग ते वर्तुळ गावच्या चौकाएवढे असो वा मैदानाएवढे. जुन्या जीपच्या दोन चाकांमधील अंतर सुमारे १·२३ मी. असते, म्हणजे पूर्ण फेऱ्यास ७·७ मी., आणि काटकोनातील वळणास १·९ मी. फरक पडतो. वर्धा जिल्ह्यातील नाचणगावाहून शेजारच्या पुलगावला जाताना अशी चार-पाच वळणे घेणाऱ्या जीपचे एक चाक, दोन्ही चाके एकमेकांस जखडलेली असती तर, प्रत्येक वळणावर जवळजवळ दोन मीटर फरफटत गेले असते. टायर झिजले असते, आणि एखादे दिवशी आसही पिळून तुटला असता.

रचना : गिअरपेटीतून निघालेला लांब दांडा (प्रोपेलर दांडा) आसापाशी येऊन एका लहान दंतचक्रात संपतो, त्याला पिनियन म्हणतात. हे पिनियन आपल्याशी काटकोनात असलेल्या मोठ्या क्राउन चक्राला फिरविते. १९५३ पासून अमेरिकेत निघालेल्या सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपमध्ये पिनियनला ८ व क्राउनला ४३ दाते असत. म्हणजे दांड्याचे ५·३८ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये हे प्रमाण ४·८८ होते. या दोन आकड्यांचा संबंध पुढे येणार आहे.

क्राउन चक्र थेट चाकांच्या आसांना जोडलेले नसते. ते एका पिंजऱ्याला बोल्टांनी आवळलेले असते, आणि पिंजऱ्याच्या आत आडव्या खिळीवर दोन किंवा चार लहान शंक्वाकार चक्रे (गॅरेजच्या भाषेत ‘स्टार पिनियन’) मोकळी बसविलेली असतात. त्यांच्या दोन्ही अंगांस एकेक शंक्वाकार चक्र असून प्रत्येकात त्या त्या बाजूच्या चाकाचा अर्धा आस गुंतलेला असतो. गाडी सरळ जाते तेव्हा लहान चक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत. पिंजरा, चक्रे व दोन्ही आस एकजीव झाल्यासारखे फिरतात. वळणावर आतील चाक मंदावते, त्याबरोबर लहान चक्रे स्वतःभोवती फिरू लागतात, आणि आतील चाकाची जेवढी गती कमी झाली तेवढीच बाहेरच्या चाकाची वाढवितात. क्राउन मिनिटाला ३०० फेरे करीत असता आतील चाकाचे २८० झाले, तर बाहेरच्याचे ३२० होतात. दोहोंची सरासरी नेहमी क्राउनच्या गतीइतकी असते. पिनियन, म्हणून क्राउनही, थांबवून धरले तर ही सरासरी शून्य होते, आणि त्यामुळेच एक चाक पुढे फिरविल्यावर दुसरे तितकेच मागे फिरते.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. साधा विभेदी दोन्ही चाकांना फिरविणारा जोर जवळजवळ सारखाच वाटून देतो. म्हणून एक चाक निसटत्या जमिनीवर असेल, तर दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. पावसाळ्यात वर्धा खोऱ्यातील काळ्या मातीत हा अनुभव नेहमीचा आहे. एक चाक चिखलात दुप्पट वेगाने गरगरते आणि टणक जमिनीवरील दुसरे स्वस्थ उभे राहते. ट्रॅक्टरमध्ये यासाठी विभेदी जखडून टाकणारी कळ आणि डाव्या-उजव्या चाकांस स्वतंत्र ब्रेक असतात. मोटारगाडीत मागच्या चाकांवर चालणारा हातब्रेक हलकासा ओढून गरगरणाऱ्या चाकाला आवरता येते. जुन्या जीपमध्ये हा उपायही चालत नाही, कारण तिचा हातब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर दांड्यावर असतो.

इतिहास : फ्रान्समधील ओनेसीफोर पेकर याने १८२७ मध्ये वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी अशा रचनेचे एकस्व घेतले. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली याने १८७७ मध्ये ती तीनचाकी सायकलीत वापरली, आणि कार्ल बेंट्स याने १८८५ मध्ये बांधलेल्या पहिल्या पेट्रोल मोटारीतही ती होती. म्हणजे मोटारगाडीला विभेदीची उणीव प्रारंभापासूनच भासली नाही. सुधारणा झाली ती क्राउन-पिनियनच्या दात्यांत. आरंभीचे सरळ दाते खरखर आवाज करीत. १९१३ मध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने सर्पिल म्हणजे वक्र दात्यांची चक्रे गाडीत आणली, आणि १९२६ मध्ये पिनियनचा अक्ष क्राउनच्या अक्षापेक्षा खाली ठेवणारी हायपॉइड चक्रे आणली. त्यामुळे प्रोपेलर दांडा खाली जाऊन गाडीचा तळही खाली बसविता आला. दिशापालटाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

दिशेचा नियम : बहुतेक जुन्या गाड्यांचे एंजिन समोरून पाहिले असता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. म्हणूनच समोरून घातलेले हँडल त्या दिशेने मारावे लागे. गाडीच्या मागे उभे राहून पुढे पाहणाऱ्यास तेच फिरणे काट्याच्या उलट दिसते. म्हणजे प्रोपेलर दांड्याची आणि त्याच्या टोकावरील पिनियनची डावी बाजू खाली जात असते व उजवी वर येत असते. मागच्या आसाच्या पुढे असलेल्या या पिनियनच्या डाव्या अंगास क्राउन चक्र ठेवले, तर पिनियनचे दाते क्राउनची पुढची कड खाली ढकलतात. चाकाची पुढची कड खाली जाणे म्हणजेच गाडी पुढे जाणे. हेच क्राउन पिनियनच्या उजव्या अंगास ठेवले, तर त्याची पुढची कड वर उचलली जाईल आणि गाडी मागे सरकेल. सारा नियम एवढाच आहे. तो समजण्यास आकृतीही लागत नाही. दोन वाट्या काटकोनात धरून पाहिल्या तरी पुरे.

या नियमाची जगभर पसरलेली परीक्षा म्हणजे १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेली फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ ही गाडी. तिच्या मागच्या आसात ११ दात्यांचे पिनियन व ४० दात्यांचे क्राउन असून दोन्हींचे दाते सरळ आहेत. आसाचे कवच डाव्या-उजव्या अशा दोन भागांत उघडते आणि जोडणाऱ्याने दुर्लक्ष केल्यास क्राउन भलत्या बाजूस बसू शकते. या गाडीला पुढे जाण्यासाठी दोन व मागे जाण्यासाठी एक गती आहे. चूक झाली की तिला मागे जाण्यासाठी दोन व पुढे जाण्यासाठी एक गती उरते. सगळी जुळणी सुबक, धारवे (बेअरिंग) घट्ट, वंगण स्वच्छ आणि तरीही गाडी मागे निघते. अशा वेळी दोष गिअरपेटीत शोधण्यात दिवस जातात. मॉडेल टीच्या जुन्या जाणकारांत हा किस्सा थट्टेचा विषय असला, तरी आस पुन्हा उतरविण्याचे श्रम काही थट्टेचे नसतात.

जीपचा पुढचा आस : महाराष्ट्रातील जुन्या वाहनांत या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण जीपचे आहे. मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपच्या सुट्या भागांतून जुळणीस प्रारंभ केला. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. अमेरिकेत सीजे-३बी चे उत्पादन १९६८ मध्ये थांबल्यावरही तिच्या आराखड्यावरील जीप येथे दीर्घकाळ निघत राहिल्या. शासकीय खाती, वन विभाग, दवाखाने व शेतकरी यांच्या वापरात आलेल्या या वाहनाचे पुढचे व मागचे अशा दोन्ही आसांत विभेदी असतो.

मागच्या आसाचे पिनियन त्याच्या पुढच्या अंगास असते, तर पुढच्या आसाचे त्याच्या मागच्या अंगास. दोहोंना शक्ती देणारी हस्तांतरण पेटी मधोमध असते आणि तिच्यातून निघणारे दोन्ही दांडे एकाच दिशेने फिरतात. पुढच्या आसाला वरील नियम लावून पाहावा. पिनियनची डावी बाजू खाली जाते व उजवी वर येते. मात्र येथे पिनियनला क्राउनची मागची कड लागते, आणि गाडी पुढे जाण्यासाठी ती कड वर जावयास हवी. म्हणून पुढच्या आसात क्राउन चक्र पिनियनच्या उजव्या अंगास असावे लागते. मागचा आस उचलून टोकास टोक फिरविला की नेमकी हीच स्थिती येते. जीपचा पुढचा आस विभेदीपुरता पाहिला, तर मागच्याचीच फिरविलेली आवृत्ती आहे.

जुन्या जीपची जुळवाजुळव करताना या ठिकाणी दोन धोके संभवतात. पहिला दिशेचा. मागच्या आसात क्राउन योग्य व पुढच्या आसात चुकीच्या बाजूस बसले, तर केवळ मागच्या चाकांवर चालविताना काहीच जाणवत नाही. पुढच्या आसाचा गिअर घातला की मात्र पुढची चाके मागे आणि मागची पुढे ओढू लागतात. टणक रस्त्यावर एंजिन बंद पडले तर नशीब. अन्यथा दात किंवा दांडा तुटतो. दुसरा धोका प्रमाणाचा. युद्धकाळातील जीपचा ४·८८ प्रमाणाचा आस आणि सीजे-३बी चा ५·३८ प्रमाणाचा आस बाहेरून इतके सारखे दिसतात, की एकाच वाहनाखाली दोन्ही येणे अशक्य नाही. अशा जीपला चारही चाकांवर एक किलोमीटर चालविले, तर कोणत्यातरी एका आसाच्या चाकांना सुमारे शंभर मीटर घसरत जावे लागते. चिखलात ते खपून जाते, डांबरी रस्त्यावर खपत नाही. आस खरेदी करताना झाकण काढून दोन्ही चक्रांचे दाते मोजणे हा एकच खात्रीचा उपाय होय.

दात्यांच्या दोन बाजू : वक्र दात्याला एक फुगीर व एक खोलगट बाजू असते. गाडी पुढे जाताना क्राउनच्या दात्याची फुगीर बाजू भार घेते, आणि गाडी उतारावर एंजिनाला ओढत असते किंवा मागे जात असते तेव्हा खोलगट बाजू. पहिलीस चालक बाजू म्हणता येईल. तिच्यावर भार असता पिनियन क्राउनपासून दूर ढकलले जाते व दात्यांमधील मोकळीक टिकून राहते. उलट बाजूवर भार आला की पिनियन आत ओढले जाते. त्याचे धारवे सैल असल्यास दाते एकमेकांत रुततात. त्यामुळे झिजलेल्या विभेदीचा आवाज वेग वाढविताना एक आणि वेग सोडताना दुसरा येतो. अनुभवी कारागीर यावरूनच कोणता धारवा गेला हे ओळखतो.

जीपचा पुढचा आस फिरवून लावलेला असल्याने त्याचे पिनियन आपल्या दृष्टीने नेहमी उलटे फिरते, आणि पुढे जातानाही त्यावरील भार दात्याच्या उलट बाजूवर येतो. पुढचा आस क्वचित व थोडा वेळ वापरला जातो, म्हणून हे चालून गेले. पुढे अवजड चारचाकी-चालन वाहनांसाठी विरुद्ध हाताच्या वळणाचे दाते कापलेली स्वतंत्र चक्रे करण्यात आली. ती मागच्या आसात वापरण्यासाठी नसतात.

क्राउनची बाजू बदलली म्हणजे दात्यांची न झिजलेली बाजू कामास येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. क्राउनला पिनियनच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगास नेणे म्हणजे त्याला पिनियनच्या अक्षाभोवती अर्धा फेरा देणे. पिनियन पूर्वीच्याच दिशेने फिरत राहते, म्हणून त्याचे तेच दात क्राउनच्या त्याच दात्यांना त्याच बाजूने ढकलतात. केवळ चाकाची दिशा पालटते. झीज लपविण्याचा हा मार्ग नव्हे. पण याच कारणामुळे, जेथे दिशा खरोखर पालटावयाची आहे तेथे हा उपाय निर्दोष ठरतो. दात्यांवर परका भार येत नाही.

हेतुपूर्वक केलेला दिशापालट : गिअरपेटी व विभेदी एकाच कवचात असलेल्या गाड्यांत हा उपाय विशेष उपयोगी पडला. फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ या गाडीत एंजिन मागच्या आसाच्याही मागे आणि गिअरपेटी आसाच्या पुढे असते. शर्यतीच्या वा हौशी बांधणीच्या गाडीत तेच एंजिन आसाच्या पुढे आणावयाचे, तर पेटीसह सगळा जोड उलटा फिरवावा लागतो. पेटीला एंजिनाकडून मिळणारी गती तीच राहते, पण पेटीचे तोंड फिरल्यामुळे चाके उलटी फिरू लागतात. चार गती मागे जाण्याच्या व एक पुढे जाण्याची होते. क्राउन चक्र पिंजऱ्यासह काढून दुसऱ्या अंगास बसविले की सर्व पूर्ववत होते. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडच्या कूपर कंपनीने मागील भागात एंजिन असलेल्या आपल्या शर्यतीच्या गाड्यांत सित्रोएन या फ्रेंच मोटारीची पेटी वापरली. मूळ मोटारीत ही पेटी एंजिनाच्या पुढे व पुढच्या चाकांसाठी होती. कूपरमध्ये ती एंजिनाच्या मागे व मागच्या चाकांसाठी आली.  कूपर गाडी चालवूनच जॅक ब्रॅबम १९५९ मध्ये जगज्जेता झाला.

याहून मासलेवाईक उदाहरण फोक्सवॅगनच्याच मालवाहू-प्रवासी व्हॅनचे आहे. १९६७ पर्यंतच्या व्हॅनमध्ये प्रत्येक मागच्या चाकापाशी दोन दंतचक्रांची एक लहान पेटी असे. तिच्यामुळे व्हॅनचा तळ उंच राही व चाकांचा जोर वाढे. परंतु दोन दंतचक्रांच्या जोडीने दिशाही उलटे. म्हणून कारखान्यातच व्हॅनच्या विभेदीचे क्राउन बीटलच्या उलट अंगास बसविलेले असे. वेग वाढविण्यासाठी या लहान पेट्या काढून बीटलचे आस लावणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसेल, तर त्यांची व्हॅन मागे पळते.

बाजू बदलण्याची शक्यता कवचाच्या घडणीवर अवलंबून असते. दोन्ही अंगांस सारखी झाकणे असलेल्या कवचात क्राउनला दोन्हीकडे जागा मिळते. एका अंगास फुगीर असलेल्या कवचात ते दुसरीकडे मावतच नाही. हायपॉइड चक्रांत आणखी अडचण येते. तेथे पिनियन क्राउनच्या मध्याखाली असते, आणि क्राउन अर्ध्या फेऱ्याने फिरविले की पिनियन त्याच्या मध्यावर येते. म्हणजे पिनियनची जागा कायम ठेवून नुसते क्राउन पलीकडे नेता येत नाही. सबंध आस पालथा करावा लागतो. पालथ्या आसात वंगण भरण्याचे छिद्र व हवा जाण्याची नळी खाली येतात, आणि पिनियनच्या धारव्याकडे तेल नेणारी खोबण निरुपयोगी होते. अशा आसाचे पिनियन प्रथम करपते.

जुळणी : क्राउन व पिनियन ही चक्रे कारखान्यात जोडीने घासून जुळविलेली असतात व दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. जोडी फोडू नये. बाजू बदलताना पिंजऱ्याच्या दोन्ही अंगांच्या पातळ चकत्या (शिम) जशाच्या तशा परत घालून भागत नाही. क्राउन आता दुसऱ्या अंगास असल्याने त्यांची मापे नव्याने काढावी लागतात. जीपसारख्या आसात दात्यांमधील मोकळीक सुमारे ०·१५ मिमी. असावी लागते. ती कमी पडल्यास चक्रे तापतात, जास्त झाल्यास गिअर घालताच आसातून ठोका येतो.

मोकळीक बरोबर आली म्हणजे दाते बरोबर लागले असे नव्हे. तेलात कालवलेला शेंदूर क्राउनच्या काही दात्यांना लावून चक्र थोडा भार देऊन फिरवितात. शेंदूर जेथून पुसला जाईल तेथे दाते एकमेकांस लागत आहेत, असे समजते. ठसा दात्याच्या मध्यावर, किंचित आतील टोकाकडे हवा. तो शेंड्यावर आला तर पिनियन फार दूर आहे, मुळाशी आला तर फार जवळ. चकती बदलून हा खटाटोप पुनःपुन्हा करावा लागतो आणि त्याला अर्धा दिवस सहज लागतो. एवढे करणारा कारागीर शेवटी एक क्षुल्लक चाचणी विसरतो, असे आढळते : झाकण लावण्यापूर्वी पिनियन हाताने एंजिनाच्या दिशेने फिरवून दोन्ही आस कोणत्या दिशेने जातात हे पाहणे. या चाचणीस पाव मिनिट लागते.

जुन्या गाड्या व कायदा : काटेकोर अर्थाने १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना व्हिंटेज म्हणतात. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या सुधारणेनुसार, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. सांगाडा, बाहेरील कवच वा एंजिन यांत मोठा बदल केलेल्या वाहनास ही सवलत नाही. त्यामुळे एंजिन आसाच्या पुढे आणण्यासारखा बदल आणि त्यासाठी केलेला दिशापालट हौशी बांधणीत कितीही कौशल्याचा असला, तरी जतन करावयाच्या गाडीला तो अंगाशी येऊ शकतो. उलट मूळ क्राउन-पिनियनची जोडी सांभाळून ठेवणे हे अशा गाडीचे मोल राखण्यासारखे आहे. सुटे भाग मिळण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात निघालेल्या व पुढे पद्मिनी नावाने ओळखल्या गेलेल्या फियाट मोटारीचे उत्पादन २००० साली थांबले, आणि मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. मागच्या आसात विभेदी असलेली घरगुती मोटार तिच्यामागोमाग नजरेआड होत आहे.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत एंजिन आडवे असून पुढची चाके फिरतात. १९८३ च्या मारुती ८०० पासून ही पद्धत भारतात रूढ झाली. अशा गाडीत एंजिनाचा व चाकांचा अक्ष समांतर असतो, विभेदीचे मोठे चक्र काटकोनात नसते आणि त्याची बाजू बदलल्याने दिशा पालटत नाही. दिशा ठरते ती मध्ये किती दंतचक्रे एकमेकांत गुंतली आहेत यावरून. जुन्या कारागिराला परिचित असलेला क्राउनच्या अंगाचा प्रश्न येथे उद्भवतच नाही.

तीनचाकी रिक्षात मात्र दिशापालट वेगळ्या रूपाने रोजच्या वापरात आहे. पुण्याजवळील आकुर्डी येथील बजाज ऑटोने १९७७ मध्ये मागे एंजिन असलेली रिक्षा बाजारात आणली. तिची गिअरपेटी स्कूटरच्या वळणाची. स्कूटरला मागे जाण्याची गती नसते. म्हणून मागे जाण्याची योजना नेहमीच्या गतींपासून वेगळी, स्वतंत्र दांडीवर ठेवलेली आहे. ती दांडी ओढली की पेटीतून आलेली गती चाकांकडे जाताना उलटते, आणि त्यामुळे पुढे जाण्याच्या सर्व गती मागे जाण्यासही उपलब्ध होतात. मॉडेल टीच्या मालकाला जी चूक महागात पडे, तीच येथे सोय झाली आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे संगमेश्वराच्या यात्रेनिमित्त जानेवारी २०२३ मध्ये रिक्षा उलट चालविण्याची शर्यत झाली. वेगाने मागे जाणाऱ्या त्या रिक्षा पुष्कळांनी चित्रफितींतून पाहिल्या. चालकांच्या कसबाबरोबरच स्वतंत्र दांडीची ही रचना तिच्या मुळाशी होती. एकच उलटी गती असलेल्या मोटारीला तो वेग गाठता येत नाही.